व्ह्यूफाइंडर झाकायचा की नाही?

टिळकवाडीकर
पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याला ट्रायपॉडवाल्यांची नुसती रांग. कित्येकांच्या कॅननच्या पट्ट्याला ते रबरी झाकण लोंबतंय, पण आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भोकावर, लावलेलं कुणाच्याच नाही! माझं म्हणणं सरळ आहे. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, ट्रायपॉडवर आहे आणि डोळा आयपीसला नाही, तर ते भोक झाका. एक्स्पोजर मोजणारा सेन्सर वर प्रिझमपाशी असतो. मागून ऊन शिरलं की मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (शटरचा वेळ कॅमेराच ठरवतो तो मोड) फोटो काळपट येतो.

निपाणी_मॅन्युअल
अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत धबधबा काढतंय कोण? डोळा लावून मीटर बघायचा, मॅन्युअलला आकडे ठेवायचे, मग मागून कितीही ऊन येऊ दे की. झाकण लावायला आधी आयकप (आयपीसभोवतीची रबरी कड) काढा, तो खिशात ठेवा, तिथून तो घटप्रभा नदीत. नको तो उद्योग.

शहापूरचा फोटोवाला
लग्नात आमचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेलाच असतो, त्यामुळे झाकणाचा प्रश्नच नाही. चष्मेवाल्यांना मात्र बाजूनं उजेड घुसतो. त्यांनी मोठा आयकप घ्यावा.

टिळकवाडीकर
@निपाणी_मॅन्युअल मॅन्युअलनं मीटरचं भागलं, मान्य. लेन्सवर दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे दर स्टॉपला उजेड निम्मा करणारा काळा फिल्टर, लावल्यावर काय करणार? 1/30 सेकंदाचं एक्स्पोजर 34 सेकंदांवर जातं. लेन्समधला उजेड 1024 पट घटला, मागचा होता तेवढाच राहिला. आरसा वर जाऊन फोकसिंग स्क्रीन (आयपीसमधून दिसणारं चित्र जिच्यावर पडतं ती काच) झाकतो खरा, पण कडेला बारीक फटी राहतात. तिथून झिरपलेला उजेड इतक्या वेळात फोटोवर फिकट पट्टा उमटवू शकतो.

खानापूर_रान
एवढं कशाला? लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे चित्र मागच्या स्क्रीनवर, मीटरिंग थेट मुख्य सेन्सरवरून. विषय संपला.

जांबोटीवाला
अर्धाच संपला. एक्स्पोजरच्या वेळी आरसा कसाही वरच असतो. लाइव्ह व्ह्यूत तो आधीपासून वर असतो, एवढाच फरक. फट तीच! खात्री करायची तर अंधाऱ्या खोलीत लेन्स कॅप लावा, आयएसओ वाढवा, 30 सेकंद शटर उघडा आणि तेवढा वेळ आयपीसवर टॉर्च मारा. मग तेच टॉर्चशिवाय. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा.

नवा_मिररलेस
आमच्यात आरसाच नाही. व्ह्यूफाइंडरात छोटा स्क्रीन, तिथून सेन्सरकडे वाटच नाही. बदला की कॅमेरा.

शहापूरचा फोटोवाला
पैसे तू घालणार काय?

निपाणी_मॅन्युअल
@जांबोटीवाला केलं बघा. टॉर्च आयपीसला टेकवला तर खालच्या बाजूला फिकट डाग आला. हातभर लांब धरला तर काही नाही. म्हणजे आभाळ भरलेलं असताना झाकणाची गरज नाही, यावर मी ठाम.

जांबोटीवाला
तुमच्या कॅमेऱ्याचं झालं ते. दुसऱ्याच्या आरशाची फट वेगळी असेल. आणि आभाळ काय कायम भरलेलं असतंय? ऊन पडलं की मग?

टिळकवाडीकर
निकॉननं डी 810, डी 850 ला आयपीस बंद करायची खिट्टी दिलीय, ती शोभेला नाही.

निपाणी_मॅन्युअल
खिट्टी असती तर मीही फिरवली असती, त्यात आयकप काढावा लागत नाही. ऊन पाठीवर असलं तर डोक्यावरची टोपी टाकेन आयपीसवर. ते रबर काही मी लावणार नाही.