रोज प्रार्थना करूनही झोप लागत नाही. डॉक्टरांची गोळी घेणे म्हणजे अविश्वास आहे का?

प्रश्न: एक हिशेबनीस, जालना

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका सळई कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो, वय 43. दर महिन्याच्या वीस तारखेची जीएसटीची मुदत, बँकेचे हप्ते, मुलीची बारावी आणि आईचे गुडघे या चारही गोष्टी रात्री दोन-अडीचच्या सुमारास एकदम डोक्यात फिरू लागतात, छाती धडधडते आणि मग पहाटेपर्यंत मी छताकडे पाहत पडून राहतो. मागच्या महिन्यात रक्तदाब 150/96 निघाला. डॉक्टरांनी त्यासाठी रोजची एक गोळी आणि झोपेसाठी, थोड्याच दिवसांपुरती, दुसरी गोळी लिहून दिली.

आमच्या घरी रात्री नऊला कौटुंबिक प्रार्थना होते आणि ती चुकल्याचे मला आठवत नाही. मात्र आमच्या चर्चच्या मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंना मी झोपेविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहावे आणि सातवे वचन उघडून दाखवले आणि जिथे चिंता आहे तिथे विश्वास नाही, असे सुनावले. त्यांचा हेतू चांगलाच होता, तरी त्या दिवसापासून माझ्या एका चिंतेच्या दोन झाल्या: पूर्वी फक्त कामाची होती, आता विश्वास कमी पडल्याचीही आहे. झोपेच्या गोळ्यांचे पाकीट पंधरा दिवसांपासून कपाटातच पडून आहे. ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांनी कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर 1: नांदेड

बंधू, मलाही काही वर्षांपूर्वी असाच त्रास होता. तीन दिवस उपास केला, पहाटे चारला उठून प्रार्थना सुरू केली आणि मला शांती मिळाली. औषधाला माझा विरोध नाही, परंतु आधी गुडघे टेकावेत आणि मग दवाखान्याची पायरी चढावी, हा क्रम आपण मोडू नये असे मला वाटते.

उत्तर 2: निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

नांदेडच्या बंधूंना शांती मिळाली याचा आनंद आहे, परंतु त्यांचा क्रम या दादांना लागू करणे मला धोक्याचे वाटते. 150/96 हा रक्तदाब प्रार्थना संपण्याची वाट पाहत थांबत नाही. तो रोज थोडा थोडा हृदयावर, मेंदूवर आणि मूत्रपिंडावर आपले काम करत असतो, आणि बहुतेक वेळा काहीही दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. दादा, एक प्रश्न मोकळेपणाने विचारते: कपाटात फक्त झोपेची गोळी आहे की रक्तदाबाचीही? वॉर्डात मी चौतीस वर्षे काढली. जे रुग्ण एक गोळी लपवतात, ते दुसरीही चुकवतात असा माझा अनुभव आहे. ज्याची झोप आधीच मोडली आहे आणि ज्याला गोळ्या चालू आहेत, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीन दिवसांचा उपास करू नये आणि पहाटे चारचा गजरही लावू नये.

झोपेची गोळी सांगितली तेवढीच आणि सांगितले तितकेच दिवस घ्यावी. स्वतःच्या मनाने वाढवू नये आणि एकाएकी बंदही करू नये. छाती धडधडते म्हणता, तर हृदयाचा आलेख, थायरॉईड आणि साखर तपासली आहे का, हेही डॉक्टरांना विचारावे. धडधडीसोबत छातीत दुखले किंवा दम लागला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता चहाविषयी. कारखान्यात दिवसभरात किती कप होतात ते आपण कधी मोजले आहेत का? चहातील कॅफीन शरीरातून निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणजे सायंकाळी सहाच्या कपाचा निम्मा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. दुपारनंतरचा चहा बंद करून दोन आठवडे पाहा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडे ते भाजीपेक्षा लोणचे, पापड, ठेचा आणि कॅन्टीनच्या फरसाणातून अधिक जाते. ज्वारीची भाकरी, वरण आणि पालेभाजी यांत काहीही चुकीचे नाही. भाकरीच्या शेजारी ताटात जे वाढले जाते त्याकडे लक्ष द्यावे. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे भरभर चालावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हे चालणे ऊन चढण्याआधीच उरकावे.

रात्री दोनला जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नये आणि मोबाईल तर मुळीच उघडू नये. उठून मंद उजेडात बसावे, पाठ असलेले एखादे स्तोत्र सावकाश म्हणावे आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हावे. हळू आवाजात, लांब श्वास सोडत म्हटलेल्या स्तोत्राने किंवा भजनाने धडधडही उतरते. माझ्या रुग्णांना मी हे सांगत असे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. ज्याला जे पाठ असेल ते त्याने म्हणावे.

उत्तर 3: मंडळीतील एक वडील, छत्रपती संभाजीनगर

ताईंनी शरीराचे सांगितले. मी वचनापुरते बोलतो, कारण या बंधूंना खरी जखम तिथे झाली आहे. फिलिप्पैकरांस पत्र प्रेषित पौलाने बंदिवासात असताना लिहिले. चिंता करू नका, असे तो तिथे लिहितो, हे खरे. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, अठ्ठाविसाव्या वचनात, सर्व मंडळ्यांविषयीची चिंता आपल्यावर रोज असते, हेही तोच पौल लपवत नाही. त्याचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? फिलिप्पैकरांसचे ते वचन चिंता घेऊन कुठे जावे हे सांगते. चिंता असलेल्या माणसाला मंडळीच्या वहीत नापास करण्यासाठी ते लिहिलेले नाही. शिवाय त्याच पौलाने लूकचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा केला आहे, त्यामुळे वैद्य सोबत असणे त्याला कमीपणाचे वाटत नव्हते, हे उघड आहे.

माझ्या मते बायबलमधील 1 राजे या पुस्तकाचा अध्याय 19 आपण सर्वांनीच सावकाश वाचावा. ईजबेल राणीच्या धमकीने घाबरलेला संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसतो आणि माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो. मराठवाड्यात राहून हे वाक्य वाचताना आपल्या डोळ्यांसमोर कोण येते, हे मला वेगळे सांगायला नको. देवाने त्याला काय दिले? प्रथम झोप. मग देवदूताने त्याला हलवून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून जेवू घातले, आणि कारण दिले ते एवढेच की वाट लांबची आहे. एलीयाला बोल एकाही शब्दाने लावलेला नाही. होरेब डोंगरावरचा देवाचा मंद, सौम्य आवाज त्यानंतर येतो, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. नांदेडच्या बंधूंनी क्रमाचा मुद्दा काढला म्हणून हा क्रम दाखवला.

जाता जाता, आपण जालन्याचे आहात म्हणून आठवले. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळच, बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा त्यांनी नुसते उपासनामंदिर बांधून हात झटकले नाहीत. माणसांनी राहावे आणि पोट भरावे असे गाव उभे केले.

उत्तर 4: शेतकरी, अंबड तालुका

मी फार शिकलेला नाही, तरी लिहितो. 2012-13 च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळली. टँकरचे पाणी घालून काही झाडे धरण्याचा प्रयत्न केला, त्याचे कर्ज वेगळे. त्या काळात मी उपासनेला जात होतो, भजनात टाळही धरत होतो, पण आतून काहीच ऐकू येत नव्हते आणि जेवण मातीसारखे लागत होते.

आमचे पाळकसाहेब एका सायंकाळी आले आणि लिंबाखाली बाजेवर बसले. त्यांनी वचन सांगितले नाही. कापसाच्या भावावर बोलले, चहा घेतला आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि निघताना म्हणाले, "उद्या मी जिल्हा रुग्णालयात येतो तुमच्यासोबत, मनाच्या डॉक्टरांना दाखवू." मी एकटा कधीच गेलो नसतो. नऊ महिने गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरांनीच त्या हळूहळू बंद केल्या. पाळकसाहेब दर तारखेला सोबत होते. बाहेरच्या बाकावर बसून माझ्यासाठी प्रार्थना करत असत, हे मला नंतर समजले.

त्या वेळी टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन सेवा, नव्हती. आता 14416 या क्रमांकावर फुकट आणि मराठीत, रात्री दोन वाजताही बोलता येते. दादा, आपल्या त्या ज्येष्ठ बंधूंवर रागवू नका, पण पुढच्या वेळी त्यांनाच दवाखान्यात सोबत यायला सांगा.

प्रश्नकर्ता

ताईंचा अंदाज बरोबर होता: रक्तदाबाची गोळीही मी एक दिवसाआड घेत होतो. काल डॉक्टरांकडे जाऊन हे कबूल केले. ते रागावले, पण त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि तो ठीक आहे. चहा मोजला तर सात कप भरले. पाकीट कपाटातून बाहेर काढले आहे. त्या ज्येष्ठ बंधूंना अजून काही बोललो नाही, रविवारी पाहू.

रात्रीच्या प्रार्थनेत 1 राजे 19 वाचून दाखवले. सगळे ऐकून झाल्यावर आईने एवढेच विचारले की ती भाकर ज्वारीची होती का.