केसपेपरवर 'बुरशीचं विष' लिहून क्लेम मिळत नसतो

पडवीतला (रत्नागिरी):
काल इथे कोणीतरी लिहिलं, 'कोकणातलं प्रत्येक ओलं घर विषारी आहे. लघवीची मायकोटॉक्सिन (बुरशीचं विष) तपासणी करा आणि रिपोर्ट विमा कंपनीच्या तोंडावर मारा.' दोनशे लाईक. वाचून चहा गार झाला.

माझ्या बायकोने तीन पावसाळे खोकला काढला. संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. थुंकीत जंतू एकदाही सापडला नाही, तरी टीबीच्या गोळ्या सहा महिने. मुंबईला भावाकडे गेली की आठ दिवसांत बरी, घरी आली की तिसऱ्या दिवशी पुन्हा धाप. हे डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "सासरची अ‍ॅलर्जी असेल." शेवटी दुसऱ्या गावच्या छातीच्या डॉक्टरांनी एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक सीटी स्कॅन) काढला, घरी कुठे ओल आहे ते विचारलं आणि निदान लिहिलं: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड जे67. हे विष नव्हे. श्वासातून गेलेल्या बुरशीच्या कणांवर फुप्फुस खवळतं. विषाचा कोड टी64, आणि तो अन्नातून पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनसारख्या विषांचा. भिंतीचा त्याच्याशी संबंध नाही.

माहेर_राजापूर:
म्हणजे ज्यांचा एचआरसीटी स्वच्छ आला त्यांनी नाटकं करायची? मला दोन वर्षं डोकं जड, सांधे दुखतात, शब्द आठवत नाहीत. गादी उचलली तर खाली काळे ठिपके, कपाटातल्या चामड्याच्या पर्सवर हिरवी लव. ती लघवीची तपासणी मीच केली, ऑक्राटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष जास्त आलं. तुमच्या बायकोला नाव मिळालं म्हणून बाकीच्या खोट्या का?

पडवीतला:
खोट्या कोण म्हणालं? ऑक्राटॉक्सिन मिरची-मसाल्यांत असतं, कॉफीत असतं. लघवीत आलं म्हणून ते भिंतीतूनच आलं हे कशावरून? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनेच 2015 मध्ये या तपासण्यांबद्दल सावध केलंय. त्रास खरा असेल हो, पण त्या कागदाने तो सिद्ध होत नाही.

माहेर_राजापूर:
सीडीसीला आमच्या घरी श्रावणात चार दिवस राहायला पाठवा.

टीपीएत_घासलेला:
नऊ वर्षं टीपीएत, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, फायली बघितल्या. कोडवर भांडताय, पण फाईल बहुतेक वेळा त्याच्या आधीच मेलेली असते. एक: दाखल करून फक्त तपासण्या, उपचार काही नाही. पॉलिसीत 'एक्सक्लुजन 04' म्हणून छापलेलंच असतं, तपासणीसाठीचं दाखल होणं वगळलेलं. दोन: रात्री दोन वाजता इंटर्न विचारतो, "किती दिवसांपासून?" आणि आजी म्हणते, "दहा वर्षं झाली बाबा." तो लिहितो 'दमा, 10 वर्षं'. झालं, जुना आजार लपवला! डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा, चुकीचं असेल तर सही-शिक्क्याने दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर कोणी दाद देत नाही. 2024 पासून नियम असा: सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'लपवलं' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी हीच मुदत 8 वर्षं होती. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर विमा लोकपाल, फी शून्य.

चिरेबंदी:
सगळे औषधावर बोलताय, मूळ कोण बघणार? चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पाणी पिते आणि सोडते. आजोबांनी चुना मारला होता. मुलांनी सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर प्लास्टिक पेंट. आता भिंतीचा श्वास कोंडला, पाणी आतल्या बाजूने पोपडे काढतं. विमा कशाला मागता, रंगाऱ्याला पकडा!

स्लॅब_आणि_शांती:
आला चुनेवाला. चुन्याला टेकलं की शर्ट पांढरा, हे सांगा ना! चुन्याचं काम नीट जाणणारा गवंडी मिळतो कुठे? आमच्या चिपळूणच्या घरात 22 जुलै 2021 ला पाणी माळ्याला टेकलं होतं. चुना असता तर काय वाशिष्ठी नदी दारातून परत गेली असती?

चिरेबंदी:
पूर आल्यावर तुम्ही भिंत वाळू दिली का? की गणपतीच्या आत रंग हवा म्हणून महिन्यात पुट्टी मारली?

स्लॅब_आणि_शांती:
...गणपतीच्या आत मारली. त्यात तुमचं काय जातं? दिवाणखान्यात चिखलाच्या वासात मूर्ती बसवायची होती का?

चिरेबंदी:
मग आता पुट्टी फुगली म्हणून रडू नका.

स्लॅब_आणि_शांती:
पुण्याच्या फ्लॅटमधून कौलं शिकवणारे बास करा हो. छपराच्या वळचणी कमी केल्या म्हणून ओल आली, चुन्यामुळे नाही.

माहेर_राजापूर:
झालं, बाईचा आजार राहिला बाजूला, पुरुष भिंत रंगवायला लागले.

दवाखाना_नको:
2017 ला छापलेल्या भारतीय आयएलडी (फुप्फुसाच्या जाळीचे आजार) रजिस्ट्रीत, म्हणजे रुग्णांच्या नोंदवहीत, 1,084 रुग्णांपैकी 47.3 टक्के हेच, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. तरी लोक म्हणतात, हा आजार दुर्मीळ!

पडवीतला:
ते मोठ्या रुग्णालयांत आलेले फुप्फुसाच्या जाळीचेच रुग्ण, गावाची शिरगणती नव्हे. आणि त्यात बोट एअर कूलरकडे होतं. कोकणात कूलर लावून कोण झोपतं?

मालवणी_झील:
बाबानूं, माझ्या बापाशीक दर पावसाळ्यात धाप लागता, डॉक्टर दम्याचो पंप देता. गोठ्यातलो ओलो पेंढो तोच झाडता. केसपेपरार नेमका काय लिवूक सांगू?

टीपीएत_घासलेला:
लिहायला काही सांगू नका, विचारा. पेंढा झाडल्यावर किती तासांनी धाप येते, घराबाहेर असले की कमी होते का, तारखांसकट एका कागदावर लिहा. ओल्या पेंढ्याने होणाऱ्या आजाराला वेगळा कोड आहे, जे67.0. पण दमाच निघाला तर दमाच. कोडसाठी आजार बदलत नसतात.

माहेर_राजापूर:
तारखांचं मी करून बघते. पडवीतल्याचं ऐकते म्हणून नाही, झीलच्या बापाशीसाठी दिलेला सल्ला बरा वाटला म्हणून.

पडवीतला:
पावलो. बायको विचारते, पर्स उन्हात ठेवली का?

माहेर_राजापूर:
ऊन कुठाय?