खत किती, यापेक्षा ते कुठे पडलं होतं?
दोन ट्रॉल्या शेणखत घालूनही पालक पिवळाच, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. भाऊ, ते खत वर्षभर कुठे पडून होतं? उघड्या उकिरड्यावर उन्हात खतातलं नत्र (नायट्रोजन) अमोनिया वायू होऊन उडतं (डोळ्यांना झोंबणारा वास तोच), उरलेलं पावसात काळ्या पाण्याबरोबर वाहून जातं. पालेभाजीला तर नत्रच लागतं, तेही 30-40 दिवसांत. आम्ही आता खताचा खड्डा आंब्याच्या सावलीत केलाय, गोठ्यातलं गोमूत्र त्यातच, वर पाचट (उसाची वाळलेली पानं) नि मातीचा थर. खत काढताना वाफ नाही, शेणाचा वास नाही, चहापत्तीसारखं भुसभुशीत. मेथीचा रंगच बदलला. कच्चं शेण मात्र घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी दोन्ही शेतात येतं.