बरा न होणारा रोगी मरण मागतो, तेव्हा ते कायद्यानं द्यावं का?

शाहूपुरीकर
आमच्या मामांना जिभेचा कॅन्सर होता. मंगळवार पेठेतल्या घरी आणलं तेव्हा बोलणं बंद पडलेलं, पोरांच्या पाटीवर लिहून सांगायचे. एका रात्री लिहिलं, "इंजेक्शन द्या, सोडवा." मामींनी पाटी पदरानं पुसली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली नाही.

मला ते आजही पटत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून कायदा लागू आहे: सहा महिन्यांपलीकडे जगणार नाही असं दोन डॉक्टर सांगत असतील आणि रोगी शुद्धीत, समजूनउमजून मागत असेल, तर औषध लिहून मिळतं. घ्यायचं मात्र स्वतःच. आपल्याकडे अशी मदत करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ लागेल, दहा वर्षांपर्यंत कैद. तसा कायदा इथंही व्हावा, असं माझं मत. बोला.

बावड्याचा वकील
आधी आपला कायदा काय आहे ते बघा. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ ला सुप्रीम कोर्टानं उपचार थांबवायला वाट दिली. २०१८ ला घटनापीठानं सन्मानानं मरणं हा घटनेच्या कलम २१ चाच, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच, भाग मानला आणि लिव्हिंग विल, म्हणजे पुढं बोलता आलं नाही तर उपचार थांबवा असं आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ती अट २०२३ ला गेली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. जमिनीच्या मृत्युपत्रासाठी माणसं चकरा मारतात, हे करायला माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही. आहे तो कायदा वापरा, मग नवा मागा.

शाहूपुरीकर
वकीलसाहेब, त्यानं व्हेंटिलेटर काढता येतो. मामांना तो लावलेलाच नव्हता. काढायचं काय?

शिरोळकर
दादा, तुमच्या घरात माया हाय म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतंय. आमच्याकडं म्हाताऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असतंय, ऊसबिल त्याच्या खात्यावर येतंय आणि पोरं वाटणीसाठी टपून बसलेली असत्यात. त्याला कुणी 'मर' म्हणायला लागत नाही. दवाखान्याचं बिल त्याच्या खाटंजवळ बसून मोठ्यानं वाचलं की बास. चार दिवसांत म्हातारा आपल्याच तोंडानं म्हणतोय, "नको आता." दोन डॉक्टर विचारणार, हा शुद्धीत असणार, सहीबी करणार. सगळं कायद्यात बसलं की ओ!

सिस्टर
मी कॅन्सरच्या पेशंटमध्ये काम करते. मामांना मॉर्फिन कसं देत होता? दुखायला लागल्यावर, की घड्याळ लावून? साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखायची वाट न बघता. जोडीला पोट साफ व्हायचं औषध. गोळी महाग नाही. २०१४ ला अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन परवान्यांची कटकटही कमी झाली. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलात ती मिळत नाही, मान्यताप्राप्त दवाखाना गाठावा लागतो. वर "सवय लागेल" म्हणून घरचेच डोस चुकवतात. मरणाऱ्याला कसली सवय लागतेय! दुखणं आटोक्यात आलं की कालपर्यंत "सोडवा" म्हणणारे चहात साखर कमी पडली म्हणून भांडतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

शाहूपुरीकर
मॉर्फिन होतं, वेळेवर होतं, दुखणंही कमी होतं. पण जखमेला वास मारायचा, लाळ थांबायची नाही, नातवंडं खोलीत यायची बंद झाली. ओरेगॉनच्या सरकारी अहवालांतही औषध मागणारे वेदनेपेक्षा 'आपलं आपल्या हातात राहिलं नाही' हे कारण जास्त सांगतात.

शिरोळकर
म्हंजे दुसऱ्याच्या हातनं धुवून घ्यायची वेळ आली की जगायला नालायक? आमची आज्जी अंथरुणात पडून अख्खं घर चालवायची. हे कारण तुम्ही कायद्यात घातलं तर लुळ्यापांगळ्यांनी काय समजायचं?

सिस्टर
वासासाठी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर टाकतात. एवढं साधं कुणी सांगितलं असतं, तर नातवंडं आली असती.

जयसिंगपूरकर
सल्लेखना, म्हणजे अन्न सोडत सोडत देह ठेवायचं आम्हा जैनांचं व्रत, ते अजून कुणी काढलं नाही, पण निघणारच. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टानं तिला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. आमच्या भागात जैन मुनी शांतिसागर महाराजांचं नाव घराघरात आहे. १९५५ ला कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. ते व्रत आहे, दुखण्यातून पळवाट नव्हे. डॉक्टरच्या औषधाच्या बाजूनं ते मोजू नका.

शाहूपुरीकर
मोजत नाही. पण व्रत म्हणून अन्न सोडणाऱ्याची इच्छा समाज हात जोडून ऐकतो आणि मामांची पाटी पुसली जाते. इच्छा दोघांचीही शुद्धीतलीच ना? आणि सिस्टर, शेवटी झोपेचं औषध देऊन ठेवता, त्यात आणि मी म्हणतो त्यात फरक किती?

सिस्टर
मात्रेचा आणि हेतूचा. तळमळ थांबेल एवढंच देतो आणि थांबली की वाढवत नाही. माणूस रोगानं जातो.

बावड्याचा वकील
कायदाही फरक तिथंच करतो.

शाहूपुरीकर
ज्याला झोपेत जायचंय त्याच्यासाठी हे ठीक. मामांना मात्र सगळ्यांना बोलावून, जागेपणी निरोप घ्यायचा होता. शिरोळकरांची वाटणीची भीती खरी आहे. त्यासाठी घरच्यांना बाहेर बसवून रोग्याला एकट्याला विचारायची, पुन्हा काही दिवसांनी विचारायची अट घाला. पण चार पोरं लोभी निघतील म्हणून सगळ्यांच्याच पाट्या पुसणार असाल, तर माझा विरोध आहे.

शिरोळकर
एकट्याला विचारलं तरी संध्याकाळी तो त्याच घरात परत जाणार हाय, दादा.