'हिज गर्ल फ्रायडे' : हा रिमेक मूळ चित्रपटापेक्षा सरस का वाटतो?

रंकाळाकाठी (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. राजारामपुरीतील आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून एकदा जुना चित्रपट एकत्र पाहतो आणि नंतर त्याविषयी बोलतो. या वेळी हॉवर्ड हॉक्स यांचा १९४० सालचा 'हिज गर्ल फ्रायडे' दाखवायचे ठरले असून आरंभी दहा मिनिटे प्रास्ताविक करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचे 'द फ्रंट पेज' हे नाटक १९२८ साली ब्रॉडवेवर आले, १९३१ साली लुईस माइलस्टोन यांनी त्यावर चित्रपट केला आणि नऊ वर्षांनी हॉक्स यांनी तीच कथा पुन्हा हाती घेतली.

दोन्ही चित्रपट मी एकाच आठवड्यात पाहिले. माइलस्टोन यांचा चित्रपट मला आवडला, पण हॉक्स यांचा संपल्याबरोबर मी तो पुन्हा पहिल्यापासून लावला. आपल्या कोल्हापुरात रिमेकची कल्पना परकी नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली मूकपट म्हणून केलेला 'सावकारी पाश' १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा केला होता. तिथे पुन्हा करण्याचे कारण उघड होते, कारण मधल्या काळात पडद्याला वाणी मिळाली होती. इथे मात्र दोन्ही बोलपट आहेत आणि कथाही तीच आहे. मग हिल्डी जॉन्सन या बातमीदाराला पुरुषाऐवजी स्त्री करण्याने एवढा फरक पडला, की हे श्रेय नटसंचाचे आहे? आमच्या मंडळींना केरी ग्रँट यांच्यापलीकडे एकही नाव परिचयाचे नाही, म्हणून कोणाच्या कामाकडे आवर्जून लक्ष वेधावे तेही कृपया सुचवावे.

निवृत्त उपसंपादक

माझे सारे आयुष्य वृत्तपत्राच्या डेस्कवर गेले, त्यामुळे या चित्रपटाकडे मी थोड्या पक्षपाती नजरेने पाहतो हे आधीच सांगतो. हेक्ट आणि मॅकआर्थर हे दोघेही शिकागोत बातमीदारी केलेले होते आणि ते त्यांच्या नाटकाच्या प्रत्येक पानावर जाणवते. फाशीच्या आदल्या रात्री न्यायालयाच्या इमारतीतील पत्रकार कक्षात पत्ते खेळत बसलेले बातमीदार, आणि कैदी पकडला जाताच एकाच घटनेच्या निरनिराळ्या हकिकती आपापल्या कचेऱ्यांना फोनवरून सांगणारे तेच लोक, हे ज्याने तो कक्ष आतून पाहिला आहे त्यालाच सुचते. तालुक्याच्या वार्ताहरांचे ट्रंक कॉल कानाला रिसीव्हर लावून मी वर्षानुवर्षे उतरून घेतले आहेत, म्हणून तो प्रसंग पाहताना माझा हात आपोआप कागदाकडे जातो.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. मूळ नाटकात संपादक वॉल्टर बर्न्स आपल्या उत्तम बातमीदाराला नोकरी सोडून जाऊ देत नाही, एवढाच पेच आहे. हॉक्स आणि पटकथाकार चार्ल्स लेडरर यांनी हिल्डीला वॉल्टरची घटस्फोटित पत्नी केले आणि त्या एका बदलामुळे प्रत्येक वाक्याला दोन अर्थ आले. वॉल्टर बातमीविषयी बोलतो तेव्हा तो संसाराविषयीही बोलत असतो, आणि हिल्डी 'हे काम मी सोडले' असे म्हणते तेव्हा ती त्यालाही सोडल्याचे स्वतःला पटवून देत असते. नाटकात वॉल्टर रंगमंचावर फार उशिरा येतो, तोवर तो केवळ फोनवरून आपला धाक जाणवून देतो. इथे मात्र कचेरीतील भेट आणि त्यानंतरचे उपाहारगृहातील जेवण हा सारा भाग चित्रपटासाठी नव्याने रचलेला असून माझ्या मते तोच या रिमेकचा कणा आहे.

तुरुंगाच्या कोठडीत हिल्डी फाशीची शिक्षा झालेल्या अर्ल विल्यम्सची मुलाखत घेते तो प्रसंग मंडळींना शांतपणे पाहू द्या. तिथे ती आवाज खाली आणते, त्याला सिगारेट देते आणि एकेक प्रश्न असा विचारते की तो भित्रा, गोंधळलेला माणूस स्वतःच बोलू लागतो. चांगला बातमीदार कसा असतो हे पडद्यावर याहून नेमके दाखवलेले मी पाहिलेले नाही.

नाट्यवेडी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु केवळ संहितेतील बदलाने हा चित्रपट उभा राहिला नसता. अनेक नामवंत अभिनेत्रींनी नाकारल्यानंतर हिल्डीची भूमिका रोझालिंड रसेल यांच्याकडे आली. आपले संवाद वॉल्टर साकारणाऱ्या ग्रँट यांच्या तोडीचे नाहीत असे वाटल्याने त्यांनी स्वतःच्या पैशाने एक जाहिरात-लेखक नेमून चटकदार वाक्ये लिहून घेतली, असे त्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. मला त्यांच्या वाक्यांहून त्यांची चाल अधिक भावते. आरंभी त्या कचेरीतून टेबलांच्या रांगांमधून जातात, प्रत्येकाला काही ना काही बोलतात आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकत राहतो, तेव्हाच कळते की ही बाई दुसरे लग्न करून ऑल्बनी शहरात स्थायिक होणे शक्य नाही. केशवराव भोसले यांच्या या गावात पुरुषांनी गाजवलेल्या स्त्रीभूमिकांच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. इथे पुरुषासाठी लिहिलेली भूमिका एक स्त्री आपली करून घेते आणि तीत कुठेही पुरुषाची नक्कल करीत नाही.

संवाद एकमेकांवर चढतात, ती गडबड नसून आखीव योजना आहे. वाक्याच्या आरंभी आणि शेवटी थोडे अनावश्यक शब्द ठेवायचे, म्हणजे समोरचा मध्येच बोलू लागला तरी महत्त्वाचा शब्द हरवत नाही, अशी हॉक्स यांची रीत होती. पाठांतर पक्के असलेल्या आणि समोरच्याचे खरोखर ऐकणाऱ्या नटांनाच हे जमते.

राल्फ बेलामी यांच्याकडे मात्र आवर्जून लक्ष वेधा. छत्री आणि रेनकोट घेऊन फिरणारा, आईला बरोबर आणणारा हिल्डीचा नियोजित वर, विमा-व्यावसायिक ब्रूस हा हास्यास्पद करणे सोपे होते. बेलामी त्याला सरळ आणि भला ठेवतात, म्हणूनच वॉल्टरच्या खोड्या आपल्याला हसवतात आणि खुपतातही. ब्रूसचे वर्णन करताना तो सिनेमातल्या राल्फ बेलामीसारखा दिसतो असे वॉल्टर सांगतो, त्या वाक्याची गंमत कळावी म्हणून नटाचे नाव आधीच सांगून ठेवा. ग्रँट यांचे जन्मनाव आर्चिबाल्ड लीच होते आणि तेही एका वाक्यात येऊन जाते. अर्लची फाशी टाळणारे राज्यपालांचे पत्र घेऊन येणारे बिली गिल्बर्ट दोनच प्रसंगांत दिसतात, पण आमच्या घरी त्यांचेच बोलणे सर्वांच्या तोंडी बसले आहे.

गडहिंग्लजकर

एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. या चित्रपटाची चर्चा नेहमी वेगापाशी येऊन थांबते आणि अर्लची कड घेणाऱ्या मॉली मलॉयची भूमिका करणाऱ्या हेलन मॅक मागे पडतात. बातमीदारांचे लक्ष लपलेल्या अर्लवरून हटवण्यासाठी मॉली खिडकीतून उडी घेते, तो या विनोदी चित्रपटातील सर्वांत धाडसी क्षण आहे. बिली वाइल्डर यांनी १९७४ साली जॅक लेमन आणि वॉल्टर मॅथाऊ यांना घेऊन हिल्डीला पुन्हा पुरुष केले. तो चित्रपटही मी पाहिला आहे. दोघेही थोर नट आहेत, पण मॉलीने उडी घेतल्यानंतर हिल्डीच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसणारी स्त्रीची वेदना तिथे येणे शक्यच नव्हते.

रंकाळाकाठी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. कोठडीतील मुलाखत आणि मॉलीचा प्रसंग एकाच सूत्रात येतात हे माझ्या लक्षात आले नव्हते. आता प्रास्ताविकात कथा न सांगता रसेल, बेलामी, मॅक आणि गिल्बर्ट यांची ओळख करून देईन. संवादांचा वेग ज्येष्ठ मंडळींना जड जाऊ नये म्हणून कचेरीतील पहिला प्रसंग दोनदा दाखवण्याचे ठरवले आहे : एकदा उपशीर्षके वाचण्यासाठी आणि एकदा केवळ माणसांकडे पाहण्यासाठी.