मालगाडीचं डिझेल इंजिन एवढं वजन ओढायचं कसं?

विजापूररोडवाला
मंडळी एक शंका आहे, बरेच दिवस डोक्यात फिरतीय. आमचा ट्रकचा धंदा, चौदा चाकी गाडी आहे, इंजिन 250 एचपीच्या आसपास आणि माल धरून 40-45 टन वजन. आता परवा होटगीच्या बाजूला फाटकात अडकलो तर कोळशाची मालगाडी गेली, डबे मोजता मोजता कंटाळा आला. आता तारा आल्यात त्यामुळं पुढं इलेक्ट्रिक होतं, पण आधी हीच गाडी डिझेलवर जायची आणि तेव्हाच्या इंजिनांची ताकद म्हणे 2600 एचपी. म्हणजे माझ्या दहा ट्रकांएवढी, आणि ओढायचं काय तर पन्नास-साठ डबे?? हिशोबच लागत नाही ओ. दुसरं म्हणजे ती इंजिनं उभी असली तरी तासन्तास चालूच का ठेवायचे, डिझेल काय फुकट येतंय का. आणि निघताना तो काळा धूर, आमच्या गाडीनं तसा सोडला तर आरटीओवाला जागेवर पावती फाडेल.

रुळावरचा_हिशोब
मालक हिशोब बरोबर लागतोय, फक्त रस्त्याचा हिशोब रुळाला लावू नका. कोळशाचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी रांग, साधारण 58 बॉक्सएन (वरनं उघड्या) डब्यांची, भरलेला एकेक डबा 81 टनाचा, म्हणजे सगळी मिळून 4700 टन. पुढं दोन डब्ल्यूडीएम-2 (तुम्ही म्हणता तीच 2600 एचपीची जुनी डिझेल इंजिनं) जोडलेली असली तर 5200 एचपी. म्हणजे टनाला जेमतेम 1.1 एचपी, आणि तुमच्या ट्रकला टनाला सहाच्या आसपास. तरी गाडी चालते कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरायला फार कमी जोर लागतो, सपाटीला टनामागं दोन-तीन किलो ओढ दिली तरी भागतं. टायर रस्त्यावर चेपतो, पसरतो, त्यात तुमचं बरंच डिझेल जातंय.

पण खरी गंमत चढाला आहे. शंभराला एक चढ म्हणजे तुम्हाला ट्रकमध्ये कळणारही नाही, पण 4700 टनाला तिथं नुसतं वजनच 47 टनानं मागं खेचतं, वर घर्षणाचे दहा-बारा टन धरा. म्हणजे 60 टनाची ओढ पाहिजे. एका डब्ल्यूडीएम-2 ची सुरुवातीची ओढ 30 टनाच्या आसपास, म्हणजे दोन लावली तरी काठावर पास. त्यात रूळ ओले असले की चाकं जागेवर फिरायला लागतात, मग वाळू सोडायची. हो खरंच, इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाकाखाली वाळू सोडायचे पाइप. एचपी वाढवून इथं काही होत नाही, चाकानं रूळ धरला पाहिजे. म्हणून मालगाडीचं इंजिन मुद्दाम जड करतात, डब्ल्यूडीएम-2 जवळपास 113 टन आणि नंतरचं डब्ल्यूडीजी-4 126 टन.

आणि एक, यात तुमच्यासारखा क्लच-गिअरबॉक्स नाहीच. डिझेल इंजिन फक्त वीज तयार करतं, ती वीज खाली प्रत्येक ॲक्सलवरच्या मोटरला जाते, सहा ॲक्सल सहा मोटरा. मोटर उभ्या जागेवरनं पूर्ण जोर लावू शकते, डिझेल इंजिनाला ते जमत नाही, ते बंद पडेल. 4700 टन हलवायला क्लच ठेवला असता तर पहिल्या सिग्नललाच त्याचा कोळसा झाला असता.

आल्कोप्रेमी_कुर्डुवाडी
धुराचं मी सांगतो कारण आमचं बालपणच त्या धुरात गेलंय 😄 डब्ल्यूडीएम-2 मूळ अमेरिकेतल्या आल्को कंपनीचं डिझाइन, पहिली 1962 ला तिकडून आली आणि 1964 पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यू (डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स) कारखान्यात बनायला लागली. त्यातला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, फक्त धुराच्या (म्हणजे एक्झॉस्टच्या) जोरावर फिरतो. ड्रायव्हरनं नॉच (तुमच्या ॲक्सिलरेटरसारखी जोराची पायरी) वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं सगळं काळं होऊन वर. टर्बोनं वेग घेतला की धूर आपोआप पातळ. नंतर जे डब्ल्यूडीजी-4 आलं, हुबळी शेडची (शेड म्हणजे इंजिनं ठेवायची-दुरुस्त करायची जागा) यायची बघा होटगी-विजापूर साइडला, त्यात ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि टर्बो सुरुवातीला गिअरनं इंजिनच फिरवतं, त्यामुळं तेवढा धूर नाही. पण मला विचाराल तर ते इंजिन नुसतं भुणभुणतं, आल्कोचा तो धडाड् धडाड् आवाज लांबनंच ओळखू यायचा, आई म्हणायची आली बघ मालगाडी तुझी.

बाकी आल्को कंपनी अमेरिकेत 1969 ला बंद पडली आणि आपण त्यांचंच डिझाइन सुधारत सुधारत पुढं कितीतरी वर्षं बनवत राहिलो, डब्ल्यूडीएम-2 च अडीच हजारांवर झाली, त्यातनंच मालगाडीसाठी 3100 एचपीचं डब्ल्यूडीजी-3ए निघालं, गुत्ती-काझीपेठ-पुणे शेडची. लोक जुनं जुनं म्हणून नाव ठेवतात पण तेव्हा आल्कोनं कारखाना उभा करून तंत्र द्यायला होकार दिला म्हणून आपल्याकडं हे सगळं शिकलं गेलं.

रुळावरचा_हिशोब
आवाजाला काय चाटायचंय का, ओढ बघा की. डब्ल्यूडीजी-4 मध्ये थ्री-फेज एसी मोटरा आहेत, कॉम्प्युटर चाकाची घसर क्षणात ओळखून करंट आवरतो, त्यामुळं 126 टनाच्या इंजिनानं 53 टन ओढ देता येते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 42 टक्के. तुमच्या लाडक्या डब्ल्यूडीएम-2 चं हेच प्रमाण 27 टक्के. मगाचा तोच चढ, दोन डब्ल्यूडीजी-4 लावली की 106 टन, निवांत वर.

आल्कोप्रेमी_कुर्डुवाडी
आकड्यात तुम्ही जिंकला, ऐकण्यात मी 🙏

सायडिंगवाला
चालू ठेवण्याचं राहिलं सगळ्यांचं. मालगाडीचे ब्रेक हवेवर असतात आणि आल्कोमध्ये हवेचा कॉम्प्रेसर इंजिनच फिरवतं. इंजिन बंद म्हणजे हवा हळूहळू उतरणार, परत निघताना 58 डब्यांच्या पाइपात हवा भरत बसा. शिवाय सोळा सिलेंडरचं इंजिन बॅटरीवर चालू करायचं असतं, बॅटरी दमलेली असली आणि मधल्या कुठल्यातरी स्टेशनात चालूच झालं नाही तर सगळी लाइन तुंबली. म्हणून कुणी रिस्क घेत नव्हतं. फुकट मात्र नव्हतं हां, नुसतं उभं राहून तासाला साधारण 25 लिटर पिणार. म्हणून नंतर एपीयू बसवायला लागले, म्हणजे छोटं वेगळं इंजिन, तासाला तीनेक लिटरमध्ये बॅटरी आणि हवा सांभाळतं आणि मोठं इंजिन झोपतं.

विजापूररोडवाला
वा, हे कुणी असं फोडून सांगितलंच नव्हतं. 25 लिटर तासाला उभ्या उभ्या, माझा ड्रायव्हर एसी लावून झोपतो त्याला दाखवतो हे. मग आता तारा आल्यावर ही सगळी इंजिनं भंगारात का?

सायडिंगवाला
बरीचशी भंगारात गेली, सगळी नाही. वाराणसीला दोन जुनी डिझेल इंजिनं बदलून 10,000 एचपीचं जोड इलेक्ट्रिक केलं होतं, 2019 ला त्याला झेंडा दाखवला, पण पुढं तो प्रकार फार चालला नाही. त्या कारखान्याचं नावही आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आणि काम मुख्यतः इलेक्ट्रिकचं. उलट बिहारमध्ये मढौऱ्याला जीई या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनची 4500 आणि 6000 एचपीची मालगाडीची डिझेलं बनलीत, आता आफ्रिकेत गिनीला निर्यात पण चाललीय. आपल्याकडं तारेची वीज बंद पडली, अपघात झाला किंवा तार नसलेल्या सायडिंगमध्ये (बाजूच्या रुळावर) डबे ढकलायचे असले की अजून डिझेलच बोलावतात. बघायचंच असेल तर फाटकात अडकायची वाट बघू नका, यार्डात शंटिंग चालू असताना जावा, बाहेरच्या रस्त्यावरनं दिसतं, आत शिरू नका.