तुरीवर निंबोळी अर्क : सगळे शेत फवारावे की झेंडूच्या ओळी कोऱ्या ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असते. सोयाबीन निघून तूर कळीवर आली की घाटेअळी (कळ्या, फुले, शेंगा खाणारी पतंगाची अळी) ठरलेलीच. यंदा अळी दिसण्याची वाट न पाहता, पतंगाने पिकावर अंडीच घालू नयेत म्हणून ५ टक्के निंबोळी अर्क आधीपासून फवारण्याचा विचार आहे. ज्यांनी असे केले आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

अर्काची कृती नेहमीचीच आहे. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यातून दोनदा गाळून (एकदाच गाळले तर नोझल हमखास तुंबते), २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून १०० लिटर द्रावण करतो. त्यातील ॲझाडिरॅक्टिन (निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक) उन्हात लवकर निकामी होते आणि मादी पतंग अंडी रात्री घालते, त्यामुळे फवारणी उन्हे कलल्यावरच करायची हे पक्के आहे.

माझी अडचण पुढची आहे. मादी खसखशीएवढी, पिवळसर पांढरी अंडी एकेक सुटी, कोवळे शेंडे, कळ्या आणि फुलांवर घालते. तुरीचा फुलोरा मात्र काही आठवडे चालतो, म्हणजे फवारणीनंतर आलेल्या कळीवर अर्क नसतोच. मग दोन फवारण्यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे? शिवाय कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या) फक्त नर अडकतात. सलग दोन-तीन रात्री सापळ्यामागे ८ ते १० पतंग सापडले की उपाय करावा असे सांगतात, पण अंडी टाळायची असतील तर तोवर थांबणे मला उशिराचे वाटते. पहिली फवारणी कळी दिसताच करावी का?

दुसरे असे की, अर्काच्या वासाने मादी दूर जाते ती जवळ दुसरी सोय असेल तर. सगळेच शेत फवारले तर ती नाइलाजाने तिथेच अंडी घालेल, अशी शंका येते. म्हणून तुरीवर अर्क फवारून, घाटेअळीच्या मादीला आवडणाऱ्या झेंडूच्या मधल्या ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवाव्यात आणि त्यांच्यावरच्या लहान अळ्यांवर एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग आणून मारणारा विषाणू) मारावे असे मनात आहे. पण घरच्यांचा डोळा दसऱ्याच्या बाजारावर! ऐन तूर कळीवर येताना झेंडूची फुले तोडली, तर सापळा पीक (किडीला स्वतःकडे ओढून मुख्य पीक वाचवणारे) म्हणून त्याचा उपयोग कितपत उरतो? झेंडू दोन टप्प्यांत लावून कोणी ही अडचण सोडवली आहे का?

शेंगमाशीबद्दलही विचारायचे आहे. तिचे अंडे कोवळ्या शेंगेत आणि अळी आत दाण्यावर, बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हा अंडी घालण्याआधीच तिला अडवायला हवे. शेंगा धरताना केलेल्या अर्काच्या फवारणीने तिच्यावर फरक पडल्याचा अनुभव असल्यास, फवारणी कधी केली आणि काढणीच्या वेळी दाणे किती किडले होते, हे कृपया लिहावे.